लर्निंग लायसन्सची लेखी चाचणी: नियमामागचं कारण धरून अभ्यास

लर्निंग लायसन्सच्या चाचणीत पास व्हायला किमान ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. १५ प्रश्न आले तर ९. उंबरठा एवढा खाली असल्यामुळे बरेच जण आदल्या रात्री मोबाईलवर प्रश्नसंच उघडतात आणि "पहिल्याचं उत्तर ब, दुसऱ्याचं क" असं डोक्यात कोंबतात. संगणकावर पर्यायांचा क्रम बदललेला असतो, प्रत्येक प्रश्नाला वेळ बांधलेला असतो, आणि दोन सारखी दिसणारी चिन्हं समोर आली की पाठांतर तिथेच अडकतं. त्याहून वाईट म्हणजे असा माणूस पासही होतो आणि दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या बाजारात गाडी घालतो.

प्रश्न शेकड्यांनी असले तरी नियमांमागची कारणं हाताच्या बोटांवर मोजता येतील. कोणाला दिसत नाही? कोणाला लगेच थांबता येत नाही? थांबल्यावर कोणाला पुन्हा निघणं अवघड जातं? धडक झाली तर जास्त कोणाला लागेल? प्रश्न वाचला की पर्यायांकडे बघण्याआधी हे चार प्रश्न मनात विचारायचे. बहुतेक वेळा उत्तर आपसूक समोर येतं.

घाटातलंच घ्या. अनमोडला किंवा चोर्ल्याला अरुंद जागी वरून एक गाडी येतेय, खालून एक चढतेय. वाट कोणी द्यायची? उतरणाऱ्याने. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवायची तर क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ बसावा लागतो. जरा चुकलं की गाडी मागे घरंगळते आणि मागे दुसरी गाडी असतेच. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो. हे एकदा समजलं की "चढणाऱ्याला प्राधान्य" पाठ करावं लागत नाही, आणि प्रश्न उलटा फिरवून विचारला तरी गोंधळ होत नाही. त्याच धड्यातला दुसरा प्रश्न असतो: उतारावर गाडी न्यूट्रलला टाकावी का? नाही. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणावर पकड कमी झालेली असते. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं.

सर्वांत जास्त चुका प्राधान्याच्या प्रश्नांत होतात, म्हणून तिथे थोडं रेंगाळू. सिग्नल नाही, पोलीस नाही, दोन्ही रस्ते सारख्याच महत्त्वाचे आहेत, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कारण कागदावर दोन रेघा मारून बघा. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे उजवीकडून येणारी गाडी चौकाच्या आपल्या जवळच्या अर्ध्या भागातून जाते आणि डावीकडून येणारी पलीकडच्या अर्ध्यातून. म्हणजे चौकात शिरताच आपली आधी गाठ पडते ती उजवीकडच्या गाडीशी. छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना मात्र मोठ्या रस्त्यावरच्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं, मग ते उजवीकडून येवोत की डावीकडून. वाड्यावरचा रस्ता हमरस्त्याला मिळतो त्या तिठ्यावर हा नियम रोज मोडला जातो. स्कूटर न थांबता डावीकडे वळून सरळ आत घुसते. चाचणीत हे उत्तर चुकलं तर एक गुण जातो, तिठ्यावर चुकलं तर काय होतं ते सांगायला नको.

सर्कलला आत असलेल्याला प्राधान्य असतं, आणि आपल्याकडे सर्कल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असल्यामुळे तो आपल्या उजवीकडूनच येतो. नियम उलटा असता तर काय झालं असतं याची कल्पना करून बघा. बाहेरून येणाऱ्यांसाठी आतले थांबले असते, आतल्यांना बाहेर पडता आलं नसतं आणि सगळं सर्कल जागच्या जागी तुंबलं असतं. पणजीला दिवजा सर्कलपाशी गर्दीच्या वेळी पाच मिनिटं कडेला उभं राहून बघा. कोणीतरी बाहेरून जबरदस्ती आत शिरतो आणि मागच्या सगळ्या रांगा कशा आखडतात ते दिसेल.

थांबण्याचं अंतर हा विषय बहुतेक जण सोडून देतात, कारण त्यात आकडे आहेत. पण वेगमर्यादा, दोन गाड्यांमधलं अंतर, ओव्हरटेक आणि दारू, या सगळ्या प्रश्नांचा पाया हाच आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर गाय दिसली, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तरी ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. पावसात पकड कमी होते, तेव्हा हेच २० मीटर ३५ च्या आसपास जातात. म्हणजे एकूण ४५ ऐवजी ६० मीटर. आता वेग निम्मा, ताशी ३० करा. ब्रेकचं कोरडं अंतर २० चं १० होत नाही, ५ होतं. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, आणि शाळेजवळची, बाजारातली वेगमर्यादा एवढी कमी का असते ते इथे कळतं.

जूनच्या पहिल्या सरी जास्त धोक्याच्या असतात. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो, त्यात कडेची तांबडी माती वाहून येते. जोरदार पावसाने रस्ता धुऊन निघाला की हा थर कमी होतो, ओल्या रस्त्याचा धोका मात्र उरतोच. "पावसात पुढच्या गाडीपासूनचं अंतर" असा प्रश्न आला की उत्तर नेहमी "वाढवावं". पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मोजायला लागायचं. आपण तिथे पोहोचेपर्यंत कोरड्यात किमान दोन सेकंद जायला हवेत, पावसात चार.

पावसातच आणखी एक वाईट सवय दिसते: चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणं. हॅझर्ड दिवे बंद पडलेल्या, थांबलेल्या गाडीसाठी असतात. चालत्या गाडीला ते लावले की वळण्याचा इशारा त्यातच बुडून जातो आणि मागच्याला वाटतं गाडी थांबलीय. चौकात सरळ जायचं म्हणून हॅझर्ड लावणाऱ्याचा तर एकच इंडिकेटर बाजूच्या गाडीला दिसतो, आणि तो वळतोय असाच तिचा समज होतो.

चिन्हांचा अभ्यास एकेक चित्र घोकून करू नका. आधी आकार आणि रंग वाचायचा. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळा गोल म्हणजे हे करावंच लागेल. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सावध व्हा. चौकोनी फलक म्हणजे माहिती. अष्टकोन फक्त "थांबा"ला आणि उलटा त्रिकोण फक्त "वाट द्या"ला दिलेला आहे. चिखलाने फलक माखला, मागून दिसला, तरी आकारावरून ओळखता यावा म्हणून. आता निळ्या गोलातला डावा बाण आणि लाल गोलातला तिरपी रेघ मारलेला डावा बाण शेजारी ठेवा. पहिला सांगतो डावीकडेच वळा, दुसरा सांगतो डावीकडे वळू नका. हॉर्नचंही तसंच. पार्किंगच्या फलकावर एकच तिरपी रेघ असेल तर गाडी उभी करून जायचं नाही, दोन रेघांची फुली असेल तर क्षणभर थांबायचंही नाही. दोन उभे बाण असलेला फलक उंचीची मर्यादा सांगतो, दोन आडवे असलेला रुंदीची. रेल्वे फाटकाच्या आधी लांबच्या फलकावर दोन पट्ट्या असतात, जवळच्यावर एक.

दोन चिन्हं गोव्याबाहेरच्या मुलांना परकी वाटतात, इथल्यांना वाटू नयेत. एका त्रिकोणात होडीवर गाडी दाखवलेली असते: पुढे फेरी आहे. दुसऱ्यात गाडी कडेवरून पाण्यात तोंड घालताना दिसते: पुढे धक्का किंवा नदीकाठ, रस्ता इथे संपतो. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने जाणाऱ्याला दुसऱ्या चिन्हाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. रात्री पावसात तो उतार थेट नदीत गेल्यासारखा दिसतो.

रस्त्यावरच्या रेघांचे प्रश्न सोपे आहेत, पण लोक ते वाचतच नाहीत. मधली तुटक पांढरी रेघ सुरक्षित असेल तर ओलांडता येते. सलग पिवळी ओलांडायची नाही. सलग आणि तुटक शेजारी-शेजारी असतील तर आपल्या बाजूची रेघ आपल्याला लागू. अशी जोडी बहुतेक वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर सापडते, जिथे एका बाजूच्याला पुढचं दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही. चौकातल्या पिवळ्या जाळीत, पलीकडे बाहेर पडायला जागा असल्याशिवाय शिरायचं नाही, सिग्नल हिरवा असला तरी. लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे थांबा, बघा, मग जा. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करून सावधपणे जा.

प्रश्नसंचात एक ठरावीक पर्याय सारखा येतो: "हॉर्न वाजवून पुढे जावे." झेब्रा क्रॉसिंगवर माणसं आहेत, अरुंद पुलावर समोरून गाडी शिरतेय, पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडतेय. तिन्ही ठिकाणी हॉर्नचा पर्याय चुकीचा, आणि तिन्ही ठिकाणी थांबायचं. हॉर्न आपण आहोत एवढंच सांगतो. त्याने समोरच्याला दिसायला लागत नाही, पुलाची रुंदी वाढत नाही. मात्र "हॉर्नवालं उत्तर नेहमी चूक" असंही पाठ करू नका. आंधळ्या वळणावर, जिथे जांभ्या दगडाच्या गडग्यामागचं काहीच दिसत नाही, तिथे गरजेपुरता हॉर्न वाजवणं बरोबर आहे.

काही गोष्टींना कारण शोधून उपयोग नाही, त्या आकड्यांच्या आहेत आणि पाठच कराव्या लागतात. त्यांचं एक वेगळं पान करा. रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलीटरला ३० मिलिग्रॅम. (हा आकडा पेगमध्ये मोजता येत नाही. वजन, जेवण, वेळ यांवर तो बदलतो, आणि उर्राकाच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) दिवसांत "एकच ग्लास" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत पोलिसांना कळवायचं. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट, मागे बसलेल्यालाही. दुचाकीवर चालकाशिवाय एकच जण. विनागिअर ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला वय १६ आणि पालकांची संमती, बाकी खासगी गाड्यांना १८, व्यावसायिक गाड्यांना २०. जवळ ठेवायची कागदपत्रं: लायसन्स, आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र). डिजिलॉकरमधली प्रतही चालते. बिनरखवालदार रेल्वे फाटकावर गाडी थांबवून, कंडक्टर किंवा सोबती नसेल तर स्वतः उतरून, दोन्ही बाजूंना गाडी येत नाही ना ते बघायचं. ब्रॉडगेजवरची अशी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, पण मोटार वाहन कायद्यातलं कलम १३१ आहे आणि प्रश्न येऊ शकतो.

जुन्या पीडीएफपासून सावध राहा. दंडाच्या रकमा २०१९ च्या दुरुस्तीने पार बदलल्या. विनालायसन्स गाडी चालवण्याचा ५००, हेल्मेट नसल्याचा १००, असे आकडे दिसले तर ती फाईल टाकून द्या. आज ते ५,००० आणि १,००० आहेत, शिवाय हेल्मेटसाठी तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. रस्त्यावरचे नियमही १९८९ चे जाऊन २०१७ चे आले आहेत.

अभ्यासाची रीत साधी आहे. प्रश्न वाचा, पर्याय हाताने झाका, आपल्या शब्दांत उत्तर द्या, मग पर्याय बघा. उत्तर बरोबर आलं पण कारण सांगता आलं नाही, तर तो प्रश्न चुकला असं धरा आणि वहीत लिहा. चुकलेल्या प्रश्नांसमोर एकच ओळ लिहायची: हा नियम मोडला तर कोणाला लागेल? दोन-तीन दिवसांनी वही झाकून पुन्हा विचारा. मग फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या कदंबच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसा आणि दिसणारा प्रत्येक फलक, प्रत्येक रेघ मनात वाचत जा. ड्रायव्हरने वेग का कमी केला, ओव्हरटेक का थांबवला, ते दोन सेकंद आधी ओळखायचा प्रयत्न करा. चाचणीची भाषा निवडता येत असेल तर ज्या भाषेत भराभर वाचता येतं तीच निवडा, आणि "कोणते चुकीचे आहे" असे नकारार्थी प्रश्न दोनदा वाचा. येणारी उत्तरं तिथेच जातात.

पास झाल्यावर हातात येतं ते सहा महिन्यांचं शिकाऊ लायसन्स. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. तोपर्यंत गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल "एल" हवा: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. कारमध्ये शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा आणि त्याला गाडी थांबवता येईल असा तो बसलेला हवा. दुचाकीवर मागे बसवायचं तर फक्त लायसन्सधारक शिकवणाऱ्यालाच. मित्राला कॉलेजला सोडणं यात बसत नाही.