शेलमधला कार्बन लेसरने मोजताना
टेक्सासच्या ईगल फोर्ड शेलमध्ये (चिखलापासून बनलेला थरांचा खडक) कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर. त्यामुळे लिब्ज तंत्रात (लेसरने नमुन्याचा प्लाझ्मा, म्हणजे तापलेला आयनित वायू, करून त्याच्या प्रकाशातल्या मूलद्रव्यांच्या ठरावीक तरंगलांबीच्या रेषा मोजणे) दिसलेला सगळा कार्बन सेंद्रिय धरू नका. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्साइटमध्येच १२ ग्रॅम कार्बन असतो! कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या रेषांवरून कार्बोनेटचा वाटा काढून तो वजा करावा.

दुसरी अडचण लोहाची. कार्बनची २४७.८६ नॅनोमीटरची रेषा लोहाच्या रेषेवर जवळजवळ बसते आणि शेलमध्ये पायराइट (लोहाचे सल्फाइड) बहुधा असतोच. १९३.०९ची रेषा लोहाच्या या अडचणीतून सुटते, पण हवेतला ऑक्सिजन तो प्रकाश शोषतो; म्हणून हवा हटवायला आर्गॉनसारखा वायू सोडावा लागतो.

नमुना बारीक दळून, दाबून वडी करा. लेसरचे पहिले काही स्पंद पृष्ठभागावरची घाण उडवतात, ते मोजू नका. कॅलिब्रेशनला शेलचेच प्रमाणित नमुने हवेत. पोलादाचे चालत नाहीत, कारण प्लाझ्माच वेगळा बनतो.