माउंट न होणारी डीव्हीडी आणि सोळावा सेक्टर

बाबांनी २००७ साली गडकरी रंगायतनमध्ये म्हटलेल्या नाट्यपदांचे चित्रण एका डीव्हीडीवर आहे आणि तिची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. त्यामुळे गेल्या रविवारी पाचपाखाडीच्या घरी, लिनक्स मिंट ही संगणकप्रणाली असलेल्या लॅपटॉपला बाहेरचा ड्राइव्ह जोडून ती आत घातली आणि ती काही केल्या माउंट होईना, म्हणजे संगणकात उघडेना, तेव्हा मी खरोखरच धास्तावलो. ड्राइव्ह दोन-तीनदा फिरू पाही, आतून टक-टक आवाज येई आणि मग सारे शांत होई.

डीव्हीडी गेली, असे ठरवण्याआधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे, या मताचा मी आहे. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, जोडलेले ड्राइव्ह दाखवणारी 'एलएसबीएलके' ही कमांड दिली तेव्हा डीव्हीडी ड्राइव्हचे 'एसआर०' हे नाव दिसले, म्हणजे ड्राइव्ह संगणकाला ओळखू येत होता. मग एक धडधाकट सीडी घातली, तर तीही उघडेना. ड्राइव्ह मी हबमधून, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीतून, जोडला होता आणि त्याच हबवर कीबोर्ड व माउसही होते. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज अपेक्षित असते आणि मोटर फिरू लागताना त्याहून जास्त मागू शकते. लॅपटॉपच्या यूएसबी ३.० पोर्टला ड्राइव्ह थेट जोडताच सीडी उघडली.

बाबांची डीव्हीडी मात्र आता नीट फिरत असूनही माउंट होत नव्हती. संगणकाच्या अंतर्गत नोंदी दाखवणारी 'डीमेसेज' ही कमांड देऊन पाहिले, तर सेक्टर ६४, म्हणजे माहितीचा त्या क्रमांकाचा तुकडा, वाचता येत नसल्याची नोंद सापडली आणि त्या आकड्याने मला मोठा धीर दिला. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल ५१२ बाइटच्या हिशेबाने सेक्टर मोजतो आणि डीव्हीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा असतो. म्हणजे, शून्यापासून मोजले तर, हा डीव्हीडीवरचा सोळावा सेक्टर. आयएसओ ९६६० या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची, ओळख सांगणारी नोंद नेमकी तिथेच असते. ती वाचता आली नाही, तर पुढचे चित्रण शाबूत असूनही माउंट करणे अडू शकते. शिवाय डीव्हीडीवरची माहिती आतून बाहेर लिहिली जात असल्याने हा सेक्टर मधल्या भोकाच्या बाजूला, आतल्या कडेशी येतो. ट्यूबलाइटखाली डीव्हीडी तिरपी धरली तेव्हा तिथेच अंगठ्याचा ठसा दिसला, इतका जुना की त्यातल्या रेषा धुरकट होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या.

डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाकून मी ती जागा मऊ सुती फडक्याने पुसली, मात्र गोल-गोल न फिरवता मधून कडेकडे सरळ. गोलाकार ओरखडा माहितीच्या मार्गालाच समांतर जातो आणि लांबलचक सलग भाग खराब करतो, तर आडव्या ओरखड्याची भरपाई ड्राइव्हची चूक-दुरुस्ती बऱ्याचदा करून घेते.

यानंतर डीव्हीडी माउंट झाली, पण मी लगेच ती चालवली नाही. आधी खराब डिस्कवरची माहिती वाचवणाऱ्या 'डीडीरेस्क्यू'ने २०४८ बाइटचा ब्लॉक ठरवून संपूर्ण इमेज, म्हणजे डीव्हीडीची हुबेहूब प्रत, काढली, कारण हा प्रोग्रॅम सोपे भाग आधी उचलतो, अवघड भागांकडे नंतर वळतो आणि कुठवर वाचून झाले त्याची नोंद ठेवणारी मॅप फाइल दिली की काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. शेवटी जवळपास सगळे हाती लागले. एका पदात चित्र क्षणभर अडखळते, आवाज मात्र सलग आहे. एक प्रत माझ्याकडे ठेवली आणि दुसरी पेन ड्राइव्हवर घालून वाशीला ताईकडे पोहोचवली.