ढवळायचं नाही

एकादशीला आणलेली केळी द्वादशीच्या दुपारपर्यंत ठिपक्यांनी भरतात, निदान बडोद्यात मे महिन्यात तरी भरतातच. आमच्या घरात उपवास धरणारं माणूस एकच, बायको, पण केळी येतात ती डझनानेच, कारण खंडेराव मार्केटपाशी गाडीवाल्याकडे अर्धा डझन मागायची मला उगाच लाज वाटते. बाकीची मंडळी "आमचा कुठे उपवास आहे" म्हणत साबुदाण्याची खिचडी मात्र वाटीवर वाटी घेतात, केळ्याला कोणी हात लावत नाही. तर त्या दुपारी जेवण झाल्यावर पाणी प्यायला किचनमध्ये गेलो, ओट्यावर केळी, बाहेर रणरणतं ऊन, सगळीकडे तो गोड जडसर वास, आणि आतल्या खोलीतून बायको म्हणाली, "ती फ्रिजमध्ये तरी टाक."

नाही टाकणार. बाकी सगळ्या बाबतीत मी घरात गरीब माणूस आहे पण केळं फ्रिजमध्ये ठेवलेलं मला बघवत नाही. साल काळीठिक्कर पडते, आतलं केळं धड पिकतही नाही, आणि खायला घेतलं की दातांना गार लागतं, ते तर अजिबातच चालत नाही. जहाजाने परदेशी जाणारी केळीसुद्धा 13-14 डिग्रीवर ठेवतात, त्याच्या खाली गेलं की साल बिघडते, आणि आपला फ्रिज असतो चार-पाचवर. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य मुलगाच पूर्ण करतो.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात हा प्रश्नच नव्हता. एक तर फ्रिज फार उशिरा आला, आणि केळी डझनाने नाही, घडाने यायची. आजोबांचे एक स्नेही चांदोदकडे होते, नर्मदेकाठी त्यांची वाडी, ते कधीतरी अख्खा घड पाठवायचे, कच्चा, हिरवागार, गोणपाटात गुंडाळलेला, नॅरोगेजच्या गाडीने कोणा येणाऱ्याबरोबर. डभोईच्या त्या लाइनवर 1862 साली पहिल्यांदा डबे चालले ते बैलांनी ओढून, खंडेराव महाराजांच्या काळात, हे ऐकल्यावर आम्हाला काही विशेष आश्चर्य वाटलं नव्हतं, कारण आमच्या लहानपणी इंजिन असूनही गाडी साधारण त्याच बेताने यायची. आता तिकडे ब्रॉडगेज झालंय, चांदोदवरून पुढे एकतानगरपर्यंत मोठ्या गाड्या जातात पुतळा बघायला. असो. तेव्हा काका सायकल घेऊन प्रतापनगर स्टेशनवर जायचे, घड कॅरियरला बांधायचे आणि सायकल हातात धरून चालत घरी, कारण पंधरा-वीस किलोचं ते धूड मागे बांधल्यावर सीटवर बसणार कुठे.

मग तो घड माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत, खाली पेंढा, वरून पोती. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी, म्हणजे आम्ही दिवसभर तिकडेच. सुरुवातीला काहीच व्हायचं नाही. रोज पोतं उचलून बघायचं, हिरवंच. आणि मग एका सकाळी उठावं तर घरभर वास, आणि त्यानंतर थांबायचं नावच नाही. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन सुटतो आणि तो शेजारच्याला पिकवतो हे मला कॉलेजात कळलं, आजी मात्र तो घड बघून एवढंच म्हणायची, "लागली एकाचं बघून दुसरी." शंभराच्या वर केळी, सगळी एकाच वेळी तयार, आणि ती कोणासाठी थांबत नाहीत. सकाळी शिकरण, दुपारी दह्यातली कोशिंबीर हिरवी मिरची घालून, संध्याकाळी नुसतीच. शेजारच्या काकी पिकल्या केळ्यांचं शाक करून पाठवायच्या, हिंग, धणेजिरे, तिखट आणि वर कोथिंबीर. पिकल्या केळ्याची तिखट भाजी असते हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की ते अजूनही समजतात आपण त्यांची मस्करी करतोय. आणि तरी केळी उरायचीच. मग फण्या तोडून वाटायच्या, वरच्या मजल्यावर, खालच्या, दूधवाल्याला, पोस्टमनला, आमच्या शाळेच्या मास्तरांनासुद्धा, आणि मास्तरांना केळी नेऊन द्यायची पाळी आली की आम्ही भावंडं एकमेकांच्या मागे लपायचो.

आज कोणी घड पाठवला तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून "ज्यांना हवीत त्यांनी न्या" असं लिहावं लागेल, आणि खाली सगळे नुसते अंगठे देतील.

बरं, तर पुडिंग. भाची न्यू जर्सीला असते, तिने बनाना पुडिंगचा व्हिडिओ पाठवलेला होता, त्यात वर कॅरमल केलेली केळी, आणि खाली लिहिलेलं "मामा, ओव्हन लागत नाही, तुलाही जमेल." यातला "तुलाही" मी मनात ठेवला. हा मूळचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा घरगुती प्रकार, व्हॅनिला वेफर नावाची गोल बिस्किटं, अंड्याचं कस्टर्ड आणि केळी, आणि पूर्वी त्यावर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन तो भट्टीत तांबूस करायचे. न्यूयॉर्कमध्ये 1996 साली निघालेल्या मॅग्नोलिया बेकरीने त्याचं क्रीमवालं, थंडगार रूप इतकं प्रसिद्ध केलं की लोक आता तेच खरं समजतात. मला काय, माझ्याकडे ठिपकेवाली केळी होती आणि आख्खी दुपार होती.

कस्टर्ड मी आपलं पावडरीचंच केलं, अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे, आधी गार दुधात कालवून, नाहीतर गुठळ्या. ही पावडर 1837 साली बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या माणसाने काढली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती. म्हणजे कुठल्या एका इंग्रज बाईच्या पथ्यापायी कस्टर्ड आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात शिरलं, आणि असं शिरलं की बडोद्यात फ्रूट सलाड-पुरीशिवाय लग्नाचं जेवण होत नव्हतं असा एक काळ होता. आजीने आधी डब्यावरचं सगळं वाचून घेतलं होतं, मग वाटी पुढे केली होती. व्हॅनिला वेफर इथे कोण शोधत बसणार, मारी घेतली. ती तरी कुठे आपली, 1874 मध्ये रशियाच्या झारची मुलगी इंग्लंडच्या राणीची सून झाली तेव्हा लंडनच्या एका बिस्किटवाल्याने तिच्या नावाने काढलेली. पण चहात बुडवून बुडवून आपण तिला घरचीच करून टाकलीये.

आता केळी. व्हिडिओत बटर होतं, मी तूप घेतलं. साखर, चिमूटभर मीठ, आणि केळ्याच्या जाडसर तिरक्या चकत्या. यासाठी ठिपके नुकते आलेलीच केळी घ्यायची, फार पिकलेलं केळं कढईत गेलं की त्याचा लगदा होतो. तूप तापलं, साखर विरघळून कडेने सोनेरी व्हायला लागली, चकत्या सोडल्या, आणि तो वास आला आणि मी हातात झारा घेऊन तिथेच थांबलो, कारण हा वास व्हिडिओतल्या त्या पदार्थाचा नव्हताच. हा सत्यनारायणाचा होता.

आजी प्रसादाच्या शिऱ्याला रवा तुपात भाजत आला की त्यातच केळ्याच्या चकत्या टाकायची. सगळं सव्वाच्या मापाने, सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप, दूध तेवढं जास्त, आणि केळं किती ते मात्र कोणी मोजत नव्हतं. परततानाच केळ्याच्या कडा तांबूस व्हायच्या, काही चकत्या रव्यात विरघळून जायच्या, काही तशाच राहायच्या, आणि द्रोणात आपल्या वाट्याला अशी अख्खी चकती आली तर तो दिवस चांगला. पण त्याच्या आधी पाच अध्याय. बाहेर पाटावर गुरुजी साधुवाण्याच्या गोष्टीत रमलेले, आत वास सुटलेला, आणि त्या गोष्टीतला सगळा घोळ होतो कशामुळे, तर कलावती नवरा आला म्हणून प्रसाद न घेताच धावली. नौका बुडाली. आम्ही लहानपणी हे इतकं मनावर घेतलं होतं की प्रसाद हातावर पडेपर्यंत जागचे हलायचो नाही, कोणी बाथरूमला जायचं असेल तरी जायचं नाही. माझी आत्या तेव्हा तरुण होती, ती मुद्दाम दारात उभी राहून म्हणायची, "जा रे जा, नौका बघून या."

तर कॅरमलाइज्ड केळी आमच्याकडे पूर्वीपासून होती, फक्त तिच्यावर कोणी व्हिडिओ केला नव्हता.

आणि हो, केळं गार चालत नाही म्हणणारा माणूस पुडिंग फ्रिजात ठेवतो कसा, हे मुलाने विचारलंच. तर तुपात परतलेलं केळं हे केळं राहत नाही, असं माझं मत आहे. शिवाय त्याला शास्त्रही आहे, कापलेलं केळं हवेने काळं पडतं ते त्यातल्या एका एंझाइममुळे, आणि ते एंझाइम उष्णतेने मरतं, म्हणून परतलेल्या चकत्या दुसऱ्या दिवशीही सोनेरीच राहतात, कच्च्या घातल्या असत्या तर सकाळपर्यंत रया गेली असती. मुलगा म्हणाला "सोयीचं शास्त्र." असेल.

मग थर. लग्नात आहेर म्हणून आलेला काचेचा मोठा बाऊल शोकेसमधून काढला, पुसला, खाली मारी, वर कस्टर्ड, वर केळी, वर फेटलेलं क्रीम, पुन्हा मारी. आणि लावता लावता मला जाणवलं की माझा हात शिवशिवतोय. गोड पदार्थ बाजूने बघायची आपल्याला सवयच नाही. आपण वरून बघतो, पातेल्यात वाकून. बासुंदी घोटायची, खीर ढवळायची, श्रीखंड फेटायचं, शिकरण तर हातानेच कुस्करायची, फ्रूट सलाड वाढताना डाव आधी तळापर्यंत जाऊन येतो. एकजीव झालं की झालं. चिरोट्याला पदर असतात हे मान्य, पण ते एकदा लाटून तळले की तुमचा संबंध संपला. इथे मात्र सगळं मऊ, ओलं, हाताशी असलेलं, आणि हात लावायचा नाही. बिस्किटाने कस्टर्ड आपलं आपण पिऊन घ्यायचं, चार-पाच तासांत त्याचा केक होतो, रात्रभर राहिलं तर आणखी छान, आणि तोपर्यंत तुम्ही काहीही करायचं नाही हीच सगळी रेसिपी. मी दर थोड्या वेळाने फ्रिज उघडून बाजूने बघत होतो. दिसत छान होतं हे मानलंच पाहिजे, पिवळं, तपकिरी, पांढरं, कॅरमलचा एक ओघळ काचेवरून खाली आलेला. शेजारच्या बेन वाटी परत द्यायला आल्या, त्यांनाही दाखवलं, त्यांनी नीट वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आ तो आपणुं फ्रूट सलाड ज छे ने?"

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आत्या आली, कारेलीबागेतून, रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडून, ताजीतवानी. आता ऐंशीच्या पुढे आहे पण माझ्या घरात आली की सरळ स्वयंपाकघरात जाते. मी बाऊल टेबलावर आणला, फोन काढला, भाचीला फोटो पाठवायचा होता, लाइट चांगला येईना म्हणून खिडकीपाशी गेलो पडदा सरकवायला. मागून आवाज आला, "अरे बाबू, सगळं खाली बसलंय रे हे. ढवळलं नाहीस का?"

वळून बघेपर्यंत डाव तळापर्यंत गेलेला होता. "आत्या, ते थर होते," मी म्हणालो. "होते ना, आता मिळून आलं," ती म्हणाली आणि आणखी दोन फेरे दिले. बायको हसायचं आवरत दाराआड गेली. सगळ्याचा एकच रंग झाला, फिकट बदामी, मध्ये मध्ये केळ्याच्या तांबूस कडा.

भाचीला फोटो गेला नाही. वाट्या भरल्या, खाल्लं, कोणी फार बोललं नाही म्हणजे बरं झालं असावं. आत्याने दुसरी वाटी घेतली, अर्धी झाल्यावर चमचा थांबवून म्हणाली, "यात जायफळ का नाही घातलंस?"

मी उठून किसणी आणली. घातलं. आता काय सांगू, जास्त चांगलं लागलं.