गुरुजींचा अंगठा

"झोपेची गोळी तेवढी लिहून द्या मॅडम. बाकी काही नको."

गुरुजींना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावची निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. या वयात झोपेची गोळी लिहायला माझा हात कचरतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून चौकशी सुरू केली. चहा? सकाळी एकदाच. बीपी १३४/८४. त्यांची पत्नी वर्षापूर्वी गेली हे ठाऊक होतं. त्यामुळेच झोप उडाली असणार, असं मी मनाशी धरलं होतं.

उठता उठता म्हणाले, "हा उजवा अंगठा बघा जरा. खडू सुटून दहा वर्षं झाली, आता कशानं दुखतोय?"

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं, तसे कळवळलेच. हे दुखणं माझ्याकडे येतं ते बहुधा बाळंतिणींचं, बाळ उचलून उचलून झालेलं.

"गुरुजी, मोबाईल किती बघता?"

"कामापुरता!"

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होतात. पोरांना अशीच शिस्त हवी, हे याच खुर्चीत बसून मला सांगितलं होतं ते गुरुजींनीच.

त्यांच्या फोनवर डिजिटल वेलबीइंग उघडलं, फोन किती वेळ बघितला याचा हिशेब तिथे असतो. आदल्या दिवसाचे ६ तास ५२ मिनिटं.

"नातवाचं असेल."

नातू पुण्यात असतो. तासांचा आलेख दाखवला. रात्री ११ ते २ उंचच उंच खांब. गुरुजी चष्मा पुसत बसले, गृहपाठ न केलेल्या पोरासारखे.

"भजनं असतात हो, शेतीचं असतं. एक संपलं की दुसरं आपसूक येतं. घरात तेवढाच आवाज."

यावर मला चटकन काही बोलता आलं नाही.

डोळ्यांतल्या काही पेशी नुसतं दिवस आहे की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. त्यांच्यावर निळसर उजेड पडत राहिला की झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं, हे खरं. पण सगळं पाप त्या उजेडाच्या माथी मारणं मला पटत नाही. पुढचं काय येतंय या उत्सुकतेनं मन जागं राहतं, ते जास्त नडतं. डोळे चुरचुरतात, कारण पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात.

गोळी दिली नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाशी गजराचं घड्याळ. आवाज हवा तर आकाशवाणी सांगली लावा म्हटलं. अंगठ्याला पट्टा दिला.

तीन आठवड्यांनी आले. साडेअकरापर्यंत डोळा लागतो म्हणाले.

"आणि अंगठा?"

"दुखतोय अजून." मग जरा थांबून, "दुपारचं तुम्ही काही बोलला नव्हता."