घंगाळावरचं नाव

माझं रत्नागिरीत फ्रेमिंगचं दुकान आहे. गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे आमचा सीझन, कारण मुंबईकर मंडळी गावचं घर दुरुस्त करतात आणि सगळ्यांना चतुर्थीच्या आत भिंतीवर सगळं लागलेलं हवं असतं. हल्ली देवांच्या तसबिरींपेक्षा घरातल्याच जुन्या वस्तूंचं काम जास्त येतं. आजोबांचे फोटो, मोडी लिपीतलं खत म्हणजे जुना दस्त, आजीची नऊवारी, तांब्यापितळेची भांडी, वंशावळ. मला हे काम मनापासून आवडतं. पण परवा राजापूरकडच्या एका घरी जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

घर चिरेबंदी, ओटी-पडवी-माजघर सगळं जागेवर, फक्त लाद्या नवीन. त्या घरच्या वहिनींना माजघराची एक अख्खी भिंत घराण्यासाठी हवी होती. मध्ये वंशावळ, भोवती फोटो, खाली लाकडी फळीवर भांडी. वंशावळ त्यांच्या काकांनी स्वतः वर्षानुवर्षं चिकाटीने जमवलेली, चार्ट पेपरवर हाताने काढलेली, मी ती स्कॅन करून मोठी छापून घेतली. नावं पुरुषांची, खाली बारीक अक्षरात प्रत्येकाच्या बायकोचं नाव. मुली नाहीत. बहुतेक वंशावळी अशाच येतात, दुकानात आपण काय बोलणार.

फोटोंचं काम जिकिरीचं होतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात जुन्या फ्रेममध्ये फोटो थेट काचेला टेकवलेला असतो. ओल धरली की फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला चिकटतो, मग लोक ब्लेड घालून सोडवायला जातात आणि आजोबांचा अर्धा चेहरा काचेवर राहतो. कृपा करून असं करू नका. चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा, कॉपी भिंतीवर लावा आणि मूळ आहे तसा कपाटात ठेवा. इथला पणजोबांचा फोटो तसाच केला. बाकीच्यांना अॅसिड नसलेला माउंट बोर्ड लावला म्हणजे काच आणि फोटोत फट राहते, मागे प्लायऐवजी तोच बोर्ड, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. जुनी माणसं फोटो वरून पट्टीला टांगून पुढे झुकलेला लावायची, त्यातही मागे हवा राहायची, हे आता कोणाला सुचत नाही. मोडीच्या खताची पण रंगीत कॉपीच लावली, जुन्या कागदाला सततचा उजेड सोसत नाही. इंटिरिअरवाल्याला ओरिजिनलच हवं होतं, 'फील' येतो म्हणे. फील थोडे दिवस राहील आणि कागद कायमचा खराब होईल.

आणि त्याच माणसाने माझ्या आधी येऊन माळ्यावरची निम्मी भांडी बफिंगला, म्हणजे मशीनच्या चाकावर चकचकीत करायला, देऊन टाकली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची पद्धत आहे. आता मशीनने घालतात, पूर्वी कासाराकडे बारीक टोचा आणि हातोडी घेऊन माणूस बसायचा आणि ठिपक्या-ठिपक्याने अक्षर काढायचा. कोणाला, कोणाकडून, कशाबद्दल, गाव, शके, कधीकधी सगळं एका ओळीत. ते ठिपके फार खोल नसतात. बफिंगचं चाक धातूचा वरचा थर खरवडून काढतं, शंभर वर्षं आमसुलाने आणि चिंचेने घासून जे गेलं नाही ते पाच मिनिटांत जातं. एक हंडा, दोन कळश्या, परात आणि पिंप आरशासारखी चकचकीत होऊन आली होती, गळ्यापाशी बोट फिरवलं तर कुठेतरी किंचित खरखर लागत होती, वाचता काही येत नव्हतं. मी बफिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नाव होतं काय? आम्ही बघत नाही. आणि एवढं करून वर लॅकर मारलेलं नाही, म्हणजे खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात परत काळी पडणार ती पडणारच.

उरलेल्या भांड्यांत एक तांब्याचं मोठं घंगाळ, म्हणजे आंघोळीचं पाणी काढायचं भांडं, होतं, कळकलेलं, एक कडी तुटलेली. त्याच्या बुडाला भोक पाडून दिव्याची शेड करायचं ठरलं होतं, इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन उभा. मी म्हटलं दहा मिनिटं थांब. मोबाईलचा टॉर्च भांड्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरला, समोरून उजेड मारला तर नुसती चमक दिसते, आडवा धरला की ठिपक्यांच्या सावल्या पडतात. मग वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली. सौ. अमुक हीस मामांकडून लग्नाप्रीत्यर्थ, मग गाव, शके १८४३. म्हणजे १९२१-२२. नाव इथे लिहीत नाही, आडनाव ह्याच घरचं होतं.

वंशावळीत ते नाव कुठेच नव्हतं. वहिनींनी दोनदा बोट फिरवून शोधलं. शेवटी ओटीवर बसलेल्या आत्यांना कागद दाखवला. वय ऐंशीच्या पुढे, पण वाचायला चष्मा लागला नाही. म्हणाल्या, "अगो, ही पहिली. दादांची, आमच्या वडिलांची, पहिली बायको. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. आमच्या आईने कधी ह्या घंगाळात दुसऱ्या कोणाला पाणी काढू दिलं नाही, दिवाळीला पहिली आंघोळ ह्यातच." मग काही बोलल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं नावही त्या वंशावळीत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, त्या त्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

वहिनी म्हणाल्या, नाव घालायचंच. काका म्हणाले जिला मूलबाळ नाही तिच्यापुढे रेघ कुठे न्यायची, आणि वंशावळ म्हणजे वंश पुढे गेला तो मार्ग. मी काकांना वाईट म्हणणार नाही, एवढं काम करणारा माणूस शंभर घरांत एक सापडत नाही. पण आंघोळीचं घंगाळ पण ह्याच घराने तिच्या नावासकट शंभर वर्षं सांभाळलं की! आणि मला राहून राहून त्या हंड्याचं आणि कळश्यांचं वाटतं, त्यांच्यावर कोण होतं. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, होती रे नावं, माझ्या आत्यांची होती, आईच्या माहेरची होती, आता आठवत नाहीत.

घंगाळाला भोक पाडू दिलं नाही. फक्त साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं केलं, घासलं नाही, आणि फळीवर नाव पुढे करून ठेवलं. दिवा वरून न लावता बाजूने लावला, आडवा उजेड पडला की अक्षरं लांबूनही वाचता येतात. इलेक्ट्रिशियनला ते इतकं आवडलं की त्याने स्वतःहून वायर फळीच्या मागून फिरवून दिली. पेन्सिलचा ठसा वेगळा फ्रेम करून आत्यांना दिला.

वंशावळीचं गणपतीत सगळे जमले की ठरवू असं काका म्हणालेत. मी त्या फ्रेमची पाठ चिकटवलेली नाही, क्लिपा लावल्यात, आणि कागद बदलायचा झाला तर छपाईचे पैसे घेणार नाही असं वहिनींना सांगून आलोय.