ढगात उमटलेली नागमोडी रेघ

शिफ्टसाठी वर पोहोचले तेव्हा रडारच्या ट्रकला पांढरी पिसं फुटली होती. कठड्याच्या एकाच अंगाला, वारा येत होता त्या दिशेने, बोटभर लांब. हातमोजा फिरवला की भुरभुरून पडायची. हा वरून पडलेला बर्फ नव्हे. ढगातले बारीक थेंब शून्याच्या बरेच खाली गेले तरी पाणीच राहतात आणि कशावर तरी आदळले की तिथल्या तिथे गोठतात. म्हणजे ढग पाण्याने भरलेला होता, पण खाली काही सोडत नव्हता. असा ढग मिळावा म्हणून आम्ही रोज नकाशे बघत होतो.

तारीख 19 जानेवारी 2017. जागा, अमेरिकेतल्या आयडाहोमधला पॅकर जॉन डोंगर. खाली पेएट नदीचं खोरं. डोंगरावर साठलेला बर्फ वसंतात वितळतो, तेच पाणी धरणांत येतं आणि त्यावर वीज बनते, म्हणून तिथे ढगांवर सिल्व्हर आयोडाइड, म्हणजे ज्याच्या कणांवर असे थेंब गोठून स्फटिक होतात ते रसायन, फवारण्याचं काम बरीच वर्षं चालू होतं. त्याने बर्फ खरंच वाढतो का, हे तपासायला 'स्नोई' नावाचा प्रयोग आखला होता आणि मी त्यात रडार सांभाळणारी विद्यार्थिनी होते.

प्रश्न दिसतो सोपा. 1946 साली व्हिन्सेंट शेफर या अमेरिकी संशोधकाने विमानातून ढगात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकला आणि ढगातून हिम गळताना लोकांनी पाहिलं, तेव्हापासून तो विचारला जातोय. अडचण अशी, की ढग फवारल्यावर बर्फ पडला तर तो नाहीतरी पडणारच होता का, हे कोण सांगणार? एकाच ढगावर फवारून आणि न फवारून असं दोनदा बघता येत नाही. शेजारच्या वायोमिंगमध्ये सहा हिवाळे खपून एक प्रयोग झाला होता. दोन डोंगररांगा, प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकल्यासारखी एक निवडून फवारायची आणि दुसरी तशीच सोडायची. अशा 118 वेळा मोजून हाती आली 3 टक्के वाढ, आणि तीही निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 28 टक्के. एवढ्या मेहनतीचा हा आकडा वाचून मला वाईट वाटलं होतं. पण तो त्यांनी जसा आला तसा छापला, याचा आदरही वाटला होता.

त्या दिवशी फवारणीचं विमान वाऱ्याला आडवं, इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होतं. पंखाखालच्या सिल्व्हर आयोडाइडच्या नळकांड्या जळत होत्या, काही सुटून ढगात पडत होत्या. दुसरं विमान वाऱ्याच्या दिशेने, त्याच ढगाच्या आरपार जात-येत मोजमाप करत होतं. माझ्यासमोर पडदा. पडद्यावर जवळजवळ काहीच नाही, कारण इतके बारीक थेंब आमच्या रडारला दिसतच नाहीत. वीस मिनिटं फवारणी झाली आणि थांबली.

मग एक बारीक रेघ आली. तिच्या शेजारी दुसरी. मला आधी वाटलं, रडारच बिघडलं. शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, "डोंगराची प्रतिमा असेल, पुढचा फेरा बघ." पुढच्या फेऱ्यात रेघा जागेवर नव्हत्या, वाऱ्याबरोबर सरकल्या होत्या. डोंगर सरकत नाही. त्याच्या पुढच्या फेऱ्यात त्या जाड झाल्या आणि त्यांची टोकं एकमेकींना मिळाली. इंग्रजी झेड अक्षरासारखी नागमोडी आकृती, एकाला जोडून एक. विमानाची वाट वाऱ्याने जशी वाहत गेली असती, नेमकी तशी. निसर्गात ढगाला अशी वळणं पडत नाहीत. ट्रकमध्ये कोणी बोलत नव्हतं. मी पडद्याचे फोटो काढत राहिले आणि हात थरथरत होता, थंडीने नव्हे. दुसऱ्या विमानाच्या मोजणीतही तेच निघालं: रेघेच्या आत बर्फाचे स्फटिक, रेघेबाहेर नुसते थेंब.

त्या रात्री घरी फोन लावला. आमचं गाव बीड जिल्ह्यात. 2015 च्या दुष्काळात औरंगाबादहून कृत्रिम पावसाची विमानं उडाली, तेव्हा आप्पा बांधावर उभे राहून आवाजाचा कानोसा घ्यायचे. दोन दिवसांनी एक सर आली, तर अर्धं गाव म्हणालं विमानाने आणली, अर्धं म्हणालं येणारच होती. ते भांडण मी विसरले नव्हते.

"पडलं का मग?" आप्पांनी विचारलं.

"पडलं आप्पा. आणि आपलंच आहे, हे दिसलं."

"किती?"

ते सांगायला तीन वर्षं लागली. 2020 मध्ये हिशेब छापून आला: त्या वीस मिनिटांच्या फवारणीतून सुमारे 1 लाख 20 हजार घनमीटर पाणी बर्फ होऊन उतरलं. आप्पांना मी टँकरमध्ये सांगितलं, दहा हजार लिटरचे बारा हजार टँकर. ते गप्प झाले. मग हेही सांगितलं, की हे पाणी इतक्या मोठ्या मुलखावर पसरलं, की हिशेबात घेतलेल्या अशा तीन दिवसांत जमिनीवरच्या मापकांत भर पडली ती फक्त 0.05 ते 0.3 मिलिमीटर. शिवाय हे तीन दिवस निवडक होते. निसर्गाचाच बर्फ जोरात पडत असेल तर आपली रेघ त्यात बुडून जाते. आणि आपले पावसाळी ढग निराळे, तिथे बऱ्याचदा मिठाचे कण फवारतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरकडे त्याची वेगळी तपासणी केली. आयडाहोचा आकडा उचलून मराठवाड्याला लावता येणार नाही.

आप्पा कपाशीत नवं खत टाकायचे तेव्हा दोन सऱ्या मुद्दाम कोऱ्या ठेवायचे.

"तुमच्या कोऱ्या सऱ्या कुठं होत्या?" त्यांनी विचारलं.

"दोन रेघांच्या मधी, आप्पा. तिथं काहीच पडलं नव्हतं."

"मग बराबर," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.