‘४१ बळी’ या पाटीचं काय करायचं

साठच्या दशकात मुंबईत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघववरच्या माहितीपटाच्या दुसऱ्या भागात काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक पाटी येत होती: ‘४१ बळी’. चार सेकंद नुसता आकडा आणि मागे घुमणारा एक खर्जातला आवाज. ही पाटी ठेवायची की काढायची, यावर फाइन कटच्या, म्हणजे संकलनावर शेवटचा हात फिरवायच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत वाद चालला. शेवटी पाटी निघाली. ती काढा म्हणून हटून बसलेली मीच होते, आणि आजही काढावीच म्हणेन. तरी मनाला स्वस्थता नाही.

माझं काम तथ्यं तपासण्याचं. या कामात स्क्रिप्टचं एक बाड तयार होतं. प्रत्येक वाक्याला क्रमांक आणि शेजारच्या रकान्यात आधार: कोणता निकाल, कितवा परिच्छेद, कोणत्या तारखेचं वर्तमानपत्र, कितवं पान. नकाशावरचा ठिपका असो की रिक्रिएशनमधलं, म्हणजे घटना नटांकडून पुन्हा उभी केलेल्या दृश्यांतलं हत्यार, आधार सगळ्याला लागतो. हे बाड वकील वाचतात, मग विमा कंपनीची माणसं, आणि त्यांचा होकार आल्याशिवाय पिक्चर लॉक होत नाही, म्हणजे कट पक्का होत नाही. निवृत्त अधिकारी कॅमेऱ्यासमोर बोलला की झालं, असं बाहेर वाटतं. तसं नसतं. पन्नास वर्षांत त्या अधिकाऱ्यानेही त्या प्रकरणावरचे लेख वाचलेले असतात, आणि स्वतः पाहिलेलं कुठे संपतं नि वाचलेलं कुठे सुरू होतं हे त्यालाही सांगता येत नाही. वर्तमानपत्रांचंही तेच. वीस ठिकाणी छापलेला आकडा म्हणजे वीस आधार नव्हेत. माग काढत गेलं की बहुतेक वेळा विसाच्या विसांचं मूळ एकच निघतं.

४१ चं मूळही एकच आहे: खुनी स्वतः.

प्रकरण थोडक्यात असं. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या उपनगरांत, जुन्या जीआयपी म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या मार्गालगत, रात्री झोपेत असलेल्या फुटपाथवरच्या आणि झोपड्यांतल्या माणसांवर एकापाठोपाठ एक हल्ले झाले. सगळे डोक्यावर, बोथट आणि जड वस्तूने. १९ जणांवर हल्ले झाले, त्यांतले ९ मेले. रामन राघव तेव्हाही संशयित म्हणून पोलिसांच्या हाती आला होता, पण ठोस पुरावा नाही म्हणून सुटला. ऑगस्ट १९६८ मध्ये उत्तर उपनगरांत पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. तपास मुंबई पोलिसांतले अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे आला, आणि २७ ऑगस्टला उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी जुन्या फोटोवरून ओळखून त्याला पकडलं. बोटांचे ठसे जुळले. पुढे त्याने जी कबुली दिली, तिच्यातून हा ४१ आला. कुठे तो फक्त १९६६ चा म्हणून छापतात आणि १९६८ चे डझनभर वेगळे धरतात, कुठे दोन्ही मिळून ४१ धरतात, कुठे २३ च लिहितात. एकाच माणसाच्या तोंडून निघालेल्या आकड्याची ही गत.

खटला मात्र चालला दोन खुनांचा. मालाडच्या चिंचवलीत २५-२६ ऑगस्टच्या रात्री मारल्या गेलेल्या दोन पुरुषांचा. कायद्याच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, भारतीय पुरावा कायद्याचं कलम २५ तसं स्पष्ट म्हणत होतं. कलम २७ खाली आरोपीने काढून दिलेली वस्तू आणि तिच्यापुरतंच बोलणं चालत असे. म्हणून सरकारी पक्ष ज्या प्रकरणात ठसा, रक्त, हत्यार, साक्षीदार पक्के आहेत तेच पुढे रेटतो. फाशी एका खुनालाही होते, मग बाकीच्यांसाठी मेहनत कोण घेणार? पण याचा अर्थ असा की त्या दोघांखेरीज एकाही मेलेल्या माणसाबद्दल कोर्टात पुरावा तपासला गेला नाही.

वकिलांना पाटीची फारशी अडचण नव्हती. ‘त्याच्या कबुलीनुसार’ हे दोन शब्द वर टाका, सुरक्षित आहे, असं त्यांचं मत. दिग्दर्शकालाही ते चाललं असतं. माझा आक्षेप वेगळा होता. आमच्याच तिसऱ्या भागात उच्च न्यायालयाने नेमायला लावलेल्या तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाचा अहवाल येतो. त्यांनी रामन राघवच्या पाच मुलाखती घेतल्या, प्रत्येक साधारण दोन तासांची, आणि निदान केलं: जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. त्याच्या मते जगं दोन होती, एक ‘कानून’चं आणि एक हे आपलं. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला, तर आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं म्हणून त्याने हात मिळवला नाही. याच अहवालानंतर त्याची फाशी जन्मठेपेवर आली. १९९५ मध्ये पुण्यात ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला. तिसऱ्या भागात आपण प्रेक्षकाला सांगतो की या माणसाचं जगाचं भान सुटलेलं होतं, आणि दुसऱ्या भागात त्याच्याच मोजणीवर पाटी काढतो. हे एका फिल्ममध्ये बसत नाही, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग मेलेल्यांचा शोध दुसऱ्या वाटेने का घेत नाही, असं दिग्दर्शकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर लांब आहे.

पहिल्यांदा लागते तारीख आणि पोलीस ठाणं. सगळ्या नोंदवह्या तारखेने लावलेल्या असतात, नावाने नाही. तारीख मिळाली की गुन्हा रजिस्टर नंबर, त्यावरून इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, त्यावरून शवविच्छेदनाच्या नोंदी, मग महापालिकेची मृत्युनोंद आणि स्मशानाची किंवा कबरस्तानाची वही. पाचांपैकी कुठलीही दोन कागदपत्रं एका माणसावर जुळली तर ती आम्ही हिरव्या रंगात, म्हणजे पक्का आधार म्हणून लावतो. साठीच्या दशकातल्या फुटपाथवरच्या माणसाबाबत साखळी पहिल्याच कडीला तुटते. खुनी सापडला नाही तर गुन्हा ‘ए समरी’त बंद होतो, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा पत्ता नाही. मुदत संपली की असे कागद नष्ट करतात, आणि ते नियमानेच. त्यातून जे उरतं ते वाळवीचं आणि पावसाचं. नाव असलंच तर ते हवालदाराच्या कानाने लिहिलेलं: तमिळ, तेलुगू, भोजपुरी नावं, एकाच माणसाची तीन कागदांवर तीन रूपं. नाव नसेल तर ‘अनोळखी इसम, वय अंदाजे ४०’. फुटपाथवर मेलेल्या बहुतेक सगळ्यांचं वय अंदाजेच असतं, आणि ते पाचाच्या पाढ्यातलं असतं.

आणखी एक भोक आहे, ज्याच्याकडे कोणीच पाहत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस जागीच मरतो असं नाही. तो इस्पितळात पडतो, दोन-तीन आठवड्यांनी जातो. तपास अधिकाऱ्याने पाठपुरावा केला तर तेव्हाच्या दंडविधानातल्या ३०७ चं, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं, ३०२ म्हणजे खून होई. नाही केला, तर ठाण्याच्या वहीत तो जखमीच राहतो आणि मृत्यूची नोंद इस्पितळाच्या हद्दीतल्या वॉर्डात होते. दोन वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत. १९ हल्ले आणि ९ मृत्यू या हिशेबात दहा माणसं उरतात. ती जगली का, किती दिवस, कोणत्या अवस्थेत? कवटी फुटलेला मजूर पुन्हा ओझं उचलू शकला का? या प्रकरणावरच्या एकाही संहितेत मी या दहांबद्दल ओळ पाहिलेली नाही. आमच्याही नव्हती. मला राग येतो तो याचा.

खुन्याबद्दल मात्र काहीही विचारा. पकडला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. बोलायच्या आधी त्याला काय हवं होतं? कोंबडीचं जेवण, मग पुन्हा कोंबडी, मग केसाला तेल, कंगवा, आरसा. पोलीस सर्जनने त्याला कधी निरीक्षणाखाली ठेवलं? २८ जून ते २३ जुलै १९६९, आणि तेव्हा त्याला वेडा नाही असं ठरवलं होतं. हे सगळं बाडात हिरवं आहे. कोंबडीचा प्रसंग नसलेली रामन राघववरची संहिता माझ्या हाती अजून आलेली नाही. दिग्दर्शकांना तो सोडवत नाही आणि प्रेक्षकांना तोच आठवतो. जो पकडला जातो त्याची फाइल जाड होत जाते, म्हणून फिल्मही त्याचीच होते. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, आळस मात्र असतो.

रिक्रिएशनमध्ये तो आळस उघडा पडला. शूटिंगच्या कॉल शीटवर मेलेल्यांचा उल्लेख असा होता: ‘ज्युनियर आर्टिस्ट, ६, चादरीसह’. चेहरे दिसायचेच नव्हते. पडद्यावर रिकाम्या रस्त्यावर एकटाच माणूस झोपलेला, वर पिवळा दिवा, चादर कोरी, घडीच्या रेघांसकट. १९६१ मध्ये मुंबईची लोकसंख्या साडेएकेचाळीस लाखांच्या आसपास होती, १९७१ मध्ये साठ लाखांच्या घरात गेली. ही वाढ कुठे झोपत होती? ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या १९८५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ते लिहिलेलं आहे. त्यातला एक अर्जदार तमिळनाडूतल्या सालेमचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळाने काम गेलं म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत २३ रुपये रोजावर लागला. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी एका झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले, आणि त्या आडोशात तो, त्याची बायको आणि तीन मुली राहत होत्या. रोजाचे शंभराहून जास्त दिवस एका फाटक्या छपरासाठी. रामन राघव ज्या वस्त्यांतून फिरला तिथे अशीच माणसं होती: कामावर जाणारी, बायकामुलं असलेली, जागेचे पैसे मोजून झोपलेली. मी निकालातली ती पानं छापून कलादिग्दर्शकाला दिली. त्याचं कौतुक केलं पाहिजे, त्याने दुसऱ्या खेपेला ओळीने झोपलेलं कुटुंब, विटांची चूल, भिंतीला टांगलेली पिशवी असं सगळं उभं केलं. त्यातले दोन शॉट कटमध्ये राहिले.

तर पाटी. दुपारनंतर दिग्दर्शक ४१ सोडायला तयार झाला आणि म्हणाला, मग ९ लिहू, त्याला पोलीस नोंद आहे. तेवढ्यात टाइमलाइनवर बसलेली आमची एडिटर, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, “ताई, वहीत ज्यांचं नाव आलं तेवढेच मेले, असंच होईल ना मग?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. माझं सगळं काम नोंदीवर उभं आहे. नोंद नाही तर वाक्य नाही. पण या माणसांच्या बाबतीत नोंद नसणं हाच तर अन्याय आहे. नोंदच मागत बसले तर ज्या हवालदाराने तीन आठवड्यांनंतरच्या मृत्यूची वहीत भर घातली नाही, त्याच्या बाजूने मी सही केल्यासारखं होतं. आणि खुन्याचा आकडा घेतला तर मेलेल्यांना त्याच्या हिशेबात जमा केल्यासारखं होतं. त्याच्या ४१ मध्ये फुशारकी किती, भ्रम किती, खरं किती, हे कळायला मार्ग नाही. त्यात जी खरी माणसं आहेत ती मात्र दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाहीत.

मी तीन ओळींची पाटी लिहून दिली: ‘१९६५-६६: १९ जणांवर हल्ले, ९ मृत्यू. १९६८: खटला दोघांच्या खुनाचा. बाकीच्यांची मोजणी झालेली नाही.’ पडद्यावरच्या मजकुराचा ठोकताळा असा की चार सेकंदांत तो मनातल्या मनात दोनदा वाचून झाला पाहिजे, आणि मोबाइलवर पाहणाऱ्याला अक्षर मोठं लागतं. तीन ओळी त्यात बसत नव्हत्या. पाटीला सात सेकंद द्या म्हटलं, तर लय पडते. रात्री उशिरा पहिली ओळ तेवढी राहिली, दुसरी निवेदनात गेली, तिसरी गेलीच. पार्श्वसंगीताच्या एका ठोक्यासाठी ती ओळ घालवली, हे मला मुळीच मान्य नाही, आणि मी तसं बाडाच्या समासात सहीनिशी लिहून ठेवलं आहे.

मराठी निवेदन वेगळं ध्वनिमुद्रित होतं आणि त्याची संहिता माझ्याकडून जाते. इंग्रजीत त्या पाटीवर निवेदक गप्प आहे, म्हणजे ते चार सेकंद मोकळे आहेत. चार सेकंदांत मराठीचे आठ-नऊ शब्द सहज बसतात. मी तिथे लिहिलं आहे: ‘बाकी किती मेले, हे कुणी मोजलं नाही.’ आधाराच्या रकान्यात ठाणी, वर्षं आणि न सापडलेल्या नोंदवह्यांची यादी जोडली आहे. वकिलांनी हरकत घेतलेली नाही. दिग्दर्शकाचं उत्तर डबिंगच्या आधी यायचं आहे.